तुम्ही विचारलंत म्हणून : ॲडम्स आणि क्ले यांचं ‘सेटिंग’ होतं का?

अमेरिकेत निवडणुकीचा हंगाम आला की मला हमखास एक प्रश्न येतो. १८२४ मध्ये सगळ्यांत जास्त मतं जॅक्सनला, मग राष्ट्राध्यक्ष ॲडम्स कसा? सेटिंगच ना?

आधी हिशेब बघा. तिथे राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी ठरत नाही, राज्याराज्यांतले इलेक्टर म्हणजे निवडकर्ते त्याला निवडतात. इलेक्टरांची मतं २६१, जिंकायला हवीत १३१. अँड्र्यू जॅक्सनला ९९, जॉन क्विन्सी ॲडम्सला ८४, विल्यम क्रॉफर्डला ४१ आणि हेन्री क्लेला ३७. बहुमत कोणालाच नाही. अशा वेळी १२व्या घटनादुरुस्तीप्रमाणे पहिल्या तिघांतून निवड प्रतिनिधीगृह, म्हणजे संसदेचं कनिष्ठ सभागृह, करतं. चौथा क्ले बाद झाला, पण गृहाचा सभापती तोच! स्वतःचं जमलं नाही, तरी कोणाचं जमवायचं हे बरंचसं त्याच्या हातात आलं.

९ जानेवारी १८२५ च्या संध्याकाळी क्ले ॲडम्सच्या घरी गेला. ॲडम्स नेमाने डायरी लिहायचा. क्लेने पाठिंबा सांगितल्याची नोंद तिच्यात आहे, मंत्रिपद कबूल केल्याची नाही. आता असल्या गोष्टी कोणी लिहून ठेवत नाही, हे मलाही कळतं. पण क्लेला आमिष लागतच नव्हतं. सरकारी पैशातून रस्ते-कालवे, देशी मालाला जकातीचं संरक्षण, यावर त्याचं ॲडम्सशी पटत होतं. जॅक्सनने न्यू ऑर्लिन्सच्या लढाईत इंग्रज मारले म्हणून त्याला राज्यकारभार जमेल, हे क्लेला मान्य नव्हतं. क्रॉफर्ड तर पक्षाघाताने खचलेला.

मला खरी खटकते ती केंटकी. हे क्लेचं स्वतःचं राज्य. तिथे ॲडम्सला लोकांचं एक मतही पडलं नव्हतं, आणि राज्याच्या विधिमंडळाने जॅक्सनला मत द्या असा ठराव केला होता. तरी तिथल्या प्रतिनिधींनी ८ विरुद्ध ४ असा कौल ॲडम्सला दिला. गृहात मोजणी डोक्यांची नसते, प्रत्येक राज्याला एकच मत. न्यूयॉर्कचे ३४ प्रतिनिधी मिळून एक मत, इलिनॉयचा एकटा डॅनियल कुक तेवढ्याच वजनाचा. ९ फेब्रुवारीला पहिल्याच फेरीत २४ पैकी १३ राज्यं ॲडम्सकडे गेली. एकही कमी असतं तर बहुमत हुकलं असतं.

मग ॲडम्सने क्लेला परराष्ट्रमंत्री केलं. मॅडिसन, मन्रो आणि खुद्द ॲडम्स, तिघेही त्याच पदावरून राष्ट्राध्यक्ष झालेले. ते पद घेणं हा क्लेचा शुद्ध गाढवपणा होता. जॅक्सनने त्याला ‘पश्चिमेचा जुडास’ (जुडास म्हणजे येशूला दगा देणारा शिष्य) ठरवलं आणि चार वर्षं ‘भ्रष्ट सौदा’ हा एकच धोशा लावला. १८२८ मध्ये त्याने ॲडम्सला इलेक्टरांच्या १७८ विरुद्ध ८३ मतांनी घरी बसवलं.

थोडक्यात, सौद्याचा पुरावा नाही, आणि जे झालं ते नियमाला धरूनच झालं. तो नियम आजही तसाच आहे. उद्या पुन्हा कोणाला बहुमत मिळालं नाही, तर कॅलिफोर्नियाच्या ५२ प्रतिनिधींचं मिळून एक मत आणि वायोमिंगच्या एकुलत्या एका प्रतिनिधीचंही एक.