‘मॅडम, सकाळी मी झोपतो’

‘रोज सकाळी अर्धा तास चाला,’ ऑफिसच्या आरोग्य शिबिरात डॉक्टर म्हणाल्या. रात्रपाळीचा आमचा सहकारी शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, सकाळी मी झोपतो.’

त्याचा रक्तदाब १५२/९६, म्हणजे वाढलेला. हातात तेच पत्रक, जे दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या मलाही मिळालं होतं.

वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका जास्त, हे काही गुपित नाही. झोपेचं चक्र बिघडतं, जेवणाच्या वेळा विस्कटतात. आणि शिबिर कधी? सकाळी ११ला! म्हणजे ज्याला खरी गरज, त्यानेच झोप मोडून यायचं. (मी दोन मीटिंगांच्या मधे जाऊन आलो.)

पहाटे ३ला कॅन्टीनमध्ये काय मिळतं, हे त्याला कुणी विचारलंच नाही.

पत्रक छापण्याआधी पाळ्यांचं वेळापत्रक कुणी पाहिलं असेल का?