आधी बदामी, मग हंपी

पुण्याहून सोलापूर-विजापूरमार्गे बदामी साधारण साडेचारशे किलोमीटर, तिथून हंपी आणखी दीडशेच्या आसपास. पण प्रस्तरारोहणाला निघताना रस्त्याआधी बोटांच्या कातडीचा हिशेब मांडावा.

सह्याद्रीत चढणारा प्रत्येक पकड ठोकून बघतो. पोकळ आवाज आला की हात मागे. तेलबैला असो वा नागफणी, सुटे दगड ही आपल्या बसाल्टची जुनी खोड. बदामीचा तांबडा वालुकाश्म त्यामानाने लाघवी: आडव्या, भरघोस पकडी आणि बोल्ट (दोर अडकवायला दगडात कायमचे ठोकलेले खिळे) मारलेले मार्ग. म्हणून लाडावू नये. पाऊस पडून गेल्यावर हा दगड वरून सुकलेला दिसतो, पण आत ओल मुरलेली असते. वाळूचे कण बांधून ठेवणारा मसाला मऊ पडतो आणि भरवशाची पकड अख्खी हातात येते. अशा वेळी एक-दोन दिवस सरळ लेणी बघावीत, खानावळीत ज्वारीची भाकरी हाणावी. (स्मारकांच्या हद्दीत चढायचं नाही, हे सांगायला नको.) दोर ६० मीटरचा तरी हवा, आणि त्याच्या मोकळ्या टोकाला गाठ. खाली सोडताना दोर संपून बिलेअरच्या (खालून दोर सांभाळणाऱ्याच्या) हातून निसटतो, हा अपघात सरावलेल्यांनाही गाठतो.

हंपीत दोर डिकीतच राहतो. तिथे बोल्डरिंग, म्हणजे बुटक्या धोंड्यांवर दोराशिवाय चढाई. ग्रॅनाइटचे खरखरीत स्फटिक बोटांची सालं काढतात. म्हणून बदामी आधी. उलट केलं तर बदामीला पोचेपर्यंत बोटांवर टेपच उरते. डिसेंबर ते फेब्रुवारीतही हंपीत चढाई सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत आणि मग उन्हं कलल्यावर. तापलेल्या दगडावर तळवे घामेजतात, कितीही चॉक (हात कोरडे ठेवणारी पांढरी पूड) फासा. क्रॅशपॅड (पडल्यावर झेलायला खाली अंथरायच्या जाड गाद्या) भाड्याने मिळतात, पण दोन पॅडमधल्या फटीत पाय गेला की घोटा मुरगळलाच. फट झाकायला माणूस नेमावा. २०२० मध्ये हंपीसमोर नदीपलीकडच्या विरुपापूर गड्डीवरची गेस्ट हाउसं पाडली गेली, त्यामुळे आता मुक्काम जवळच्या सणापूर गावाकडे शोधावा.

चढाईचे बूट दुपारी उन्हातल्या गाडीत ठेवू नयेत, सोलचा गोंद सुटतो. आणि दोराशेजारी जुनी बॅटरी तर मुळीच नको. ॲसिडचा डाग दिसत नाही, नायलॉन मात्र आतून खलास होतो.