काळ्या ९११ साठी पॉलिश आणि वॅक्स निवडताना

गाडी पोर्शे ९११, ९९२ पिढीतली, काळी, वरळीच्या इमारतीत तळघरात उभी असणारी. बॉनेटवर टॉर्च मारली की गोल गोल बारीक ओरखड्यांचं जाळं दिसायचं. मुंबईत त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: रोज सकाळी कोरड्या धुळीवरून फिरणारं फडकं. रस्त्यांच्या आणि बांधकामांच्या सिमेंट-वाळूवरून ते फडकं सँडपेपरसारखं चालतं. म्हणून सगळ्यात आधी मी रोजचं पुसणं बंद करायला सांगितलं. ते चालू राहिलं तर कितीही महाग पॉलिश आणा, महिन्याभरात जाळं परत येतं.

मग रंगाची जाडी मोजली. वरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो आणि साधं मीटर रंगाचे सगळे थर मिळून एकच आकडा दाखवतं. त्यामुळे एका आकड्यापेक्षा पॅनेल-पॅनेलमधला फरक महत्त्वाचा. बाकी गाडी १२० च्या आसपास आणि एक दरवाजा २५० दाखवत असेल तर तो पुन्हा रंगवलेला आहे. एखादी जागा ८० पर्यंत खाली आली असेल तर तिथे आधीच खूप घासलंय, कंपाउंड (जास्त घासणारं पॉलिश) लावूच नका. ९९२ ची बाहेरची बॉडी बंपर सोडून जवळजवळ सगळी अ‍ॅल्युमिनियमची आहे, त्यामुळे फक्त लोखंडावर चालणारं मीटर इथे निरुपयोगी. बंपर प्लॅस्टिकचे, तिथे आकडाच येत नाही. म्हणून त्यांवर मी फिनिशिंग पॉलिशच्या (अगदी कमी घासणाऱ्या, शेवटच्या पॉलिशच्या) पुढे जात नाही.

धुतल्यावर आयर्न रिमूव्हर (रंगात रुतलेले लोखंडाचे कण विरघळवणारा द्रव) सावलीत मारलं, जांभळे ओघळ सुटले की सुकू न देता धुऊन टाकलं. रेल्वेमार्गाजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर ही लोखंडी भुकटी जास्त असते. त्यानंतर भरपूर ल्युब्रिकंट घेऊन बारीक क्ले, म्हणजे उरलेली चिकट घाण ओढून काढणारी मऊ माती. क्लेनेही हलक्या रेघा पडतात, म्हणून ती नेहमी पॉलिशच्या आधी.

पॉलिशची निवड ५० बाय ५० सेंटिमीटरच्या तुकड्यावरच होते. मी सगळ्यात सौम्य जोडीने सुरुवात करतो: मऊ फोम पॅड, मेग्वायर्स एम२०५ या फिनिशिंग पॉलिशचे चार थेंब, १५ मिलिमीटर थ्रोचं (पॅडच्या झोक्याचं) डीए, म्हणजे फिरता फिरता झुलणारं पॉलिशिंग मशीन, स्पीड ४, आडवे-उभे सावकाश चार-पाच फेरे. लगेच चकाकतं, पण त्यावर विश्वास ठेवू नका. पॉलिशमधलं तेल ओरखड्यांत भरून बसतं. १५ टक्के आयपीएने (पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसल्यावर खरं काय ते दिसतं. ओरखडे उरले तर आधी पॅड बदला, द्रव नंतर. या गाडीवर मध्यम पॅड आणि एम२०५ एवढं पुरलं. मेंझर्ना ४०० सारखं हेवी कट (जोरात घासणारं) कंपाउंड जवळ होतं, ते उघडलं नाही. दोन खोल रेघा मी मुद्दाम ठेवल्या: नखाला अडकणारी रेघ घालवायची तर क्लिअर कोटचा फार मोठा भाग जातो, आणि तो परत मिळत नाही. कडांवर थर पातळ असतो, तिथे मास्किंग टेप लावलीच पाहिजे.

पॅनेल गरम असेल तर पॉलिश वाळून पांढरी पूड होते आणि तीच पूड रेघा पाडते. एक पॅड दोन पॅनेलपेक्षा जास्त चालवत नाही.

वॅक्सचा प्रश्न मुंबईत ऋतूवर ठरतो. कार्नोबा या नैसर्गिक मेणाच्या वॅक्सने काळ्या रंगाला जी खोली येते ती मला दुसऱ्या कशात दिसत नाही, पण पावसात आणि खाऱ्या वाऱ्यात तो काही आठवड्यांतच उतरतो. म्हणून मेअखेर सिंथेटिक सीलंट (कृत्रिम संरक्षक थर), आणि कार्नोबा नोव्हेंबरपासून. दोन्ही हवे असतील तर सीलंट आधी, एक दिवस बसू द्यायचं, मग वॅक्स; उलट केलं तर सीलंट रंगाला धरतच नाही. थर जितका पातळ तितका चांगला, जाड थर नुसता पुसण्यात वाया जातो. सिरॅमिक कोटिंग (रंगावर घट्ट बसणारा कडक संरक्षक थर) करायचंच असेल तर हिवाळ्यात, एसी खोलीत. दमट हवेत ते भराभर घट्ट होतं, पुसायला उशीर झाला की डाग बसतात आणि ते पॉलिशनेच काढावे लागतात.

मॅट रंगावर यातलं काहीही लावू नका. आणि टँकरचं किंवा बोअरचं पाणी वापरत असाल तर गाडी वाळण्याआधी मऊ मायक्रोफायबरने टिपून घ्या; क्षारांचे गोल डाग सीलंटवरही बसतात.