बर्लिनमधली एला आणि तिचे चार साथीदार

गेली पंधराएक वर्षे मी एका मैफलीचे ध्वनिमुद्रण ऐकत आलो आहे आणि दर वेळी त्यातल्या एका जागेपाशी हातातले काम थांबते. १३ फेब्रुवारी १९६० रोजी पश्चिम बर्लिनच्या डॉइचलांडहाले या सभागृहात, सुमारे १२ हजार श्रोत्यांपुढे, अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड गायल्या. तेव्हा त्या ४२ वर्षांच्या होत्या. साथीला पियानोवर पॉल स्मिथ, गिटारवर जिम हॉल, डबल बेसवर विल्फ्रेड मिडलब्रुक्स आणि ड्रम्सवर गस जॉन्सन असे चौघे होते. ही तबकडी आजवर बहुतेकांनी एलांच्या आवाजासाठी ऐकली आहे आणि ते योग्यच आहे. मला मात्र आज या चौघांविषयी लिहायचे आहे.

ती जागा ‘मॅक द नाइफ’ या गाण्यात येते. गाणे सुरू करण्यापूर्वी एला श्रोत्यांना सांगतात की, हे एखाद्या गायिकेने गायलेले आपण ऐकलेले नाही, तेव्हा शब्द सगळे आठवतील अशी आशा करू या. पहिली काही कडवी व्यवस्थित पार पडतात, पुढच्या कडव्याचे तोंड येते आणि शब्द येत नाहीत. आता पुढे काय आहे ते मला ठाऊक नाही, हेच त्या त्याच चालीत बसवून गातात. मग बॉबी डॅरिन आणि लुई आर्मस्ट्राँग या गायकांनी या गाण्याच्या तबकड्या काढल्या, आता एला आणि तिचे साथीदार त्याचा पार विचका करत आहेत, असे जागच्या जागी यमक जुळवत सांगतात आणि आर्मस्ट्राँग यांच्या खरखरीत आवाजाची हुबेहूब नक्कलही करतात. एवढे सगळे होत असताना लय तसूभरही हलत नाही.

शब्द नेमके इथेच का निसटावेत, याचे कारण गाण्याच्या घडणीत आहे. जत्रेत चित्रे दाखवत खुनांच्या कहाण्या गाणाऱ्या जर्मन गायकांच्या धर्तीवर नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्त यांनी ते लिहिले आणि संगीतकार कुर्ट वाइल यांनी त्याला चाल दिली. कडव्यामागून कडवे येते, प्रत्येकात वेगळी नावे आणि वेगळा गुन्हा असतो आणि चाल मात्र तीच राहते. एका कडव्याने पुढच्याची आठवण करून द्यावी असा कथेचा धागा त्यात फारसा नाही. गायकाला धरायला उरते ते फक्त आवर्तन.

हे आवर्तन १६ बारांचे आहे. एका बारात चार मात्रा, म्हणजे ६४ मात्रांनी चाल पुन्हा मुखड्याशी येते. मिडलब्रुक्स यांचा बेस प्रत्येक मात्रेवर एक स्वर ठेवत चालत राहतो. तबल्याचा ठेका आणि तानपुऱ्याचा आधार या दोन्ही गोष्टी एकाच वाद्यातून मिळाव्यात, असे काहीसे ते आहे, कारण गायिका आवर्तनात कुठे आहे आणि स्वरसंगती कुठे वळणार आहे, हे दोन्ही तो बेस सांगत असतो. त्यातच हे गाणे पुढे जाताना पुन्हा पुन्हा अर्ध्या स्वराने वर चढते. आपल्याकडे एकदा पट्टी धरली की गायक सहसा षड्ज हलवत नाही. इथे जणू पांढरी पाचवरून काळी चारवर आणि तिथून पांढरी सहावर जायचे आहे, तेही पाचही जणांनी एकाच क्षणी. शब्द हरवलेले असताना ही चढण कुठेही अडखळत नाही. त्या गोंधळात स्मिथ यांचा पियानो नव्या पट्टीचे दार वेळेवर उघडतो आणि एला त्यातून बेधडक आत शिरतात. जिम हॉल यांच्यासारखा पुढे थोर ठरलेला गिटारवादक या वेळी किती कमी वाजवतो, हेही ऐकण्यासारखे आहे. गायिका अडचणीत असताना मधली जागा भरून काढण्याचा मोह त्यांना होत नाही.

या आधाराची किंमत मला अनुभवाने कळली आहे. गुरुपौर्णिमेच्या एका कार्यक्रमात माझे अंतऱ्याचे शब्द गेले होते. तबलजींनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही, ठेका किंचितही सैल केला नाही, आणि मी आकाराने का होईना समेवर आलो. त्या तीन-चार आवर्तनांत तबल्याचा आवाज मला पायाखालच्या जमिनीसारखा वाटला होता. बर्लिनचे ध्वनिमुद्रण ऐकताना गस जॉन्सन यांच्याकडे माझे कान आपोआप वळतात, ते बहुधा यामुळेच.

या गाण्याची ओळख मराठी नाट्यरसिकांना दुसऱ्या वाटेने आहे. ज्या संगीतिकेत ते आहे ती १९२८ साली बर्लिनमध्येच रंगभूमीवर आली, आणि तिचेच पु. ल. देशपांडे यांनी केलेले रूपांतर ‘तीन पैशाचा तमाशा’ या नावाने थिएटर अकॅडमीने १९७८ मध्ये जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली सादर केले. वाइल ज्यू होते. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये त्यांना जर्मनी सोडावी लागली आणि १९५० मध्ये ते न्यूयॉर्कमध्ये वारले. डॉइचलांडहाले हे सभागृह त्याच राजवटीने १९३६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेले. १९३८ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे ‘अधःपतित संगीता’चे, म्हणजे नाझींना निषिद्ध वाटणाऱ्या जॅझ आणि ज्यू संगीताचे, जे प्रदर्शन भरवले गेले, त्याच्या भित्तिपत्रकावर छातीवर ज्यू तारा लावलेला कृष्णवर्णीय सॅक्सोफोनवादक रंगवला होता. बावीस वर्षांनी डॉइचलांडहालेत एक कृष्णवर्णीय गायिका ज्यू संगीतकाराची चाल गात होती, शब्द विसरली तरी गात होती, आणि बर्लिनचे श्रोते तिला मनापासून दाद देत होते. त्या टाळ्या वगळून मी कधीही पुढे जात नाही.

या गाण्याला आणि या तबकडीला १९६१ मध्ये एक-एक ग्रॅमी मिळाले. चुकलेले गाणे तसेच्या तसे छापण्याचा निर्णय घेतल्याबद्दल निर्माते नॉर्मन ग्रांझ यांचे ऋण मोठे आहे.

त्यानंतर ‘हाउ हाय द मून’ येते. तिथे एला अल्पावधीतच शब्द बाजूला ठेवतात आणि सुमारे सात मिनिटांच्या त्या गाण्याचा बहुतेक भाग निरर्थक अक्षरांवर, म्हणजे स्कॅटमध्ये, भरधाव गातात. तराण्याची सवय असलेल्या कानाला हे परके वाटत नाही, फक्त तराण्याचे बोल ठरलेले असतात आणि इथली अक्षरे त्या क्षणी तोंडात घडतात. त्यांतून एकामागून एक ओळखीच्या चालींचे तुकडे डोकावतात आणि खाली चौघेजण त्याच चालीची स्वरसंगती न थकता फिरवत राहतात. शेवटाकडे एका प्रसिद्ध गाण्याची ओळ येते. मूळ ओळीत डोळ्यांत धूर जातो, एलांच्या ओळीत घाम.