आमच्याकडची भुतं हद्द सोडत नाहीत

बेळगावच्या गणपत गल्लीत भूत आहे असं कधी ऐकलंय काय? खडेबाजारात? नाही ना. मी पण नाही ऐकलं. आता तुम्ही म्हणाल तिथं सणासुदीला माणसालाच पाय ठेवायला जागा मिळत नाही, भूत कुठं उभं राहणार, ते बरोबरच आहे पण मला वेगळं म्हणायचंय. लहानपणापासून ज्या काय भुताच्या गोष्टी ऐकल्या, आज्जीकडनं, मामाकडनं, शाळेतल्या पोरांकडनं, वडापच्या ड्रायव्हरकडनं, त्यातली भुतं जवळजवळ सगळी शिवेवर राहणारी. घरं संपून शिवार सुरू होतं तिथं. दोन गावांच्या मधल्या ओढ्यावर. पाणंद डांबरी रस्त्याला लागते त्या तिठ्ठ्यावर. विहिरीच्या काठाला. गावाच्या मधोमध चावडीपुढं ठाण मांडून बसलेलं भूत मला तरी अजून कुणी सांगितलेलं नाही.

सीमाभागातल्या माणसानं शिवेबद्दल बोलायला लागलं की लोक आधी १९५६ ची राज्यांची सीमा काढतात. ती सीमा वेगळी, तिच्यासाठी मोर्चे आहेत, सुप्रीम कोर्ट आहे. ही गावशीव तिच्या कितीतरी आधीची आणि हिच्याबद्दल मराठी-कन्नड दोघांचं एकमत आहे. भुतांचं पण आहे म्हणे. मराठी घरातल्या बाईच्या अंगात आलं आणि ते भडाभडा कन्नड बोलायला लागलं, जिला एरवी बाजारात भाजीचा भाव सोडून एक शब्द येत नाही ती, अशी गोष्ट आमच्याकडं दर दोन गावांमागं एका गावात सापडते. मग देवरुषी पण दोन्ही भाषांत विचारतो, कोण हाईस, यारू नीनु. हे ऐकताना मला नेहमी वाटतं की आपल्याला येत नाही असं आपण समजतो ते कानावर पडून पडून डोक्यात कुठंतरी साठलेलं असतंच की.

यूट्यूबवर आता "बेळगावच्या भयानक जागा" म्हणून व्हिडिओ फिरत असतात, लाल फिल्टर, मागं कुत्र्याचं रडणं, आणि बोलणारा पोरगा कुठला तरी तिसरीकडचाच. त्यात भूत म्हणजे नुसतं "एक आत्मा". कुणाचा, कुठला, काय मागतो, काहीच नाही. आमच्याकडच्या भुतांना जात-कुळी असते, हद्द असते आणि देणं ठरलेलं असतं. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंज व्हायच्या आधी गेलेला पोरगा, तो पिंपळावर. अळवंतीण म्हणजे बाळंतपणात गेलेली, ती पाणवठ्याला. साती आसरा पाण्यात, त्या तर अर्ध्या देवीच, त्यांना हळद-कुंकू आणि हिरव्या बांगड्या. म्हसोबा शेंदूर लावलेला दगड, बहुतेक बांधावर नाहीतर शिवेवर. मसणाई स्मशानाकडंला. आणि या सगळ्यांचा मुकादम वेताळ, तो अमावस्येला पालखीतनं शीव फिरतो, पुढं मशाली आणि मागं भुतांची फौज, ती पालखी वाटेत आली की पालथं पडायचं आणि डोळे उघडायचे नाहीत. खानापूरच्या पलीकडं गोव्याच्या अंगाला वेताळाला चामड्याच्या चपला वाहतात, आणि त्या चपला फिरून फिरून झिजतात म्हणे. रात्रभर चालायची ड्युटी म्हटल्यावर चपला लागणारच.

आणि शिवेचं हे प्रकरण नुसतं गोष्टीत नाही. आमच्या भागात महालक्ष्मीची यात्रा असते, कुठल्या गावात बऱ्याच वर्षांनी भरते, अख्खा तालुका जेवायला येतो. तिच्या शेवटाला देवी कुठं जाते? गावच्या सीमेला. बेळगावातल्या वडगावची मंगाईदेवीची यात्रा घ्या, आषाढात असते, तिच्या आधी वार पाळतात, त्या वारी शेतात कामाला जायचं नाही, औत जुंपायचं नाही. मग गाऱ्हाणं घालायचं. आमची आज्जी याचा अर्थ सरळ सांगायची, गावात आलेली रोगराई गावाबाहेर घालवून यायची. १८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत आमच्या इकडं पण पसरला, तेव्हा लोक घरं उघडी टाकून शेतात झोपड्या घालून राहिले होते. जिथं झोपड्या घातल्या तिथंच माणसं गेली असणार, आणि तिथंच जाळली-पुरली असणार. मग शिवारातल्या एखाद्या माळाला "तिकडं संध्याकाळचं जाऊ नको" असं पणजीनं आज्जीला आणि आज्जीनं आईला सांगितलं तर त्यात भूत किती आणि उंदराची भीती किती हे कोण वेगळं काढणार.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट मामाची. मामा खानापूर तालुक्यातला, भाताची शेती. भात पोसवायला लागलं की रानडुकरं येतात म्हणून रात्री शेतात माळ्यावर जागलीला जायचं, डबा वाजवायचा, शेकोटी करायची. एका रात्री पाऊस लागला आणि शेकोटी विझली म्हणून मामा घरला यायला निघाला. बॅटरी होती खरं सेल गेलेले. धुकं असं की पुढं केलेला हात दिसंना. पुढचं मामाच्या तोंडनंच ऐकायला पाहिजे.

"बांध उतरलो, ओढा लागायला पाहिजे होता, लागंना. चाललो चाललो, पुढं आंब्याचं झाड. म्हटलं हे तर आपलंच. परत चाललो, परत तेच झाड. तिसऱ्यांदा त्याच झाडाला हात लागला म्हंटल्यावर पायातलं बळच गेलं बघ. मी कुठं जाऊलोय हेच कळंना. म्हटलं लागला चकवा."

मग? मामानं चपला काढल्या, उलट्या घातल्या, म्हणजे डाव्या पायातली उजव्यात. आमच्याकडं चकव्याला हेच औषध. आणि बांधावर टेकून तंबाखू मळली. तेवढ्यात लांबनं लोंढ्याकडं जाणाऱ्या गाडीची शिट्टी आली. रूळ कुठल्या अंगाला ते पाठ, मग गाव कुठल्या अंगाला ते कळलं, मामा उठला आणि शिट्टी पाठीवर घेऊन सरळ घरात.

मी कॉलेजात असताना मामाला समजावून सांगितलं होतं, की डोळ्याला लांबची खूण नसली, सूर्य-चंद्र दिसत नसला, तर माणूस सरळ चालतोय असं समजून गोलच फिरतो, लोकांना जंगलात सोडून हे प्रयोग करून बघितलंय. मामानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "तेच की रे. त्यालाच चकवा म्हणतात." यावर काय बोलणार. शिवाय औषध पण बघा, चपला काढ, बस, तंबाखू खा. म्हणजे घाबरून धावू नको, थांब, कान दे. कुणीतरी शहाण्या माणसानंच काढलेलं औषध आहे ते.

जांबोटी, कणकुंबी, भीमगडाच्या बाजूला गेलात की भुताला लागणारं सगळं साहित्य निसर्गच पुरवतो. भीमगडाला २०११ मध्ये अभयारण्य केलं, आत गवाळी, कोंगळा, पास्टोली, आमगाव अशी गावं आहेत, पावसाळ्यात तिकडं पोचणं म्हणजे दिव्य. सह्याद्रीतल्या असल्या रानात भर पावसात कुजलेल्या लाकडावरची बुरशी अंधारात हिरवट उजळते. ज्यानं हे पहिल्यांदा एकट्यानं बघितलं त्याच्या पोटात काय झालं असेल विचार करा. टॉर्च मारला की काहीच नाही, नुसती ओली ढलपी, टॉर्च बंद केला की परत उजेड. तिथल्याच बारापेडे गुहांत वटवाघळांची एक फार दुर्मिळ जात आहे, रॉटनचं वटवाघूळ, १९१३ मध्ये तिचं वर्णन झालं आणि कितीतरी वर्षं जगात तेवढ्या एकाच जागी माहीत होती. संध्याकाळी गुहेच्या तोंडातनं काळं काहीतरी फडफडत बाहेर येतंय म्हटल्यावर गावातल्या माणसानं काय समजायचं? आणि त्यात गव्हाणी घुबड. ज्यानं त्याचं ओरडणं ऐकलंय त्याला हडळ कशी ओरडते हे वेगळं सांगायला नको.

गंमत म्हणजे त्या जंगलातल्या माणसांना भुताचं तेवढं पडलेलं नाही. एका आजोबांना मी मुद्दाम विचारलं तर म्हणाले, "भूत काय करतंय गा, अस्वल धरलं तर तोंड फाडतंय." विषय संपला.

आता कॅम्पाकडं, म्हणजे लष्कराच्या छावणीकडं येऊ, कारण बेळगावचं म्हणून भूत विचारलं की लोक कॅम्पच सांगतात. मुंडकं नसलेला गोरा साहेब घोड्यावरनं फिरतो, नाहीतर रात्री पहारेकऱ्याला काडेपेटी मागतो, झोपलेल्या पहारेकऱ्याच्या कानाखाली वाजवतो. मला हे भूत आयात केलेलं वाटतं. जिथं जिथं कॅन्टोन्मेंट आहे तिथं तिथं हाच साहेब आहे, त्याची बदली होत असावी. पण वातावरण आहे हे मान्य. १८१८ मध्ये इंग्रजांच्या मन्रोनं किल्ला घेतला, मग छावणी बसली, बंगले, चर्च आणि जुन्या गोऱ्यांची दफनभूमी. त्या थडग्यांवर वयं वाचली तर पोटात कालवतं, तान्ही पोरं, विशीतल्या बायका. वर मोठमोठी झाडं, दिवे लांब लांब, आणि गल्लीतला गोंगाट तिथं एकदम बंद होतो. किल्ल्यात तर १२०४ ची कमलबस्ती म्हणजे जैन मंदिर आहे, मशीद आहे, भोवती खंदक आहे, एवढं जुनं असून किल्ल्यातलं भूत मात्र कुणी धड सांगत नाही, का कोण जाणे.

पण सगळ्यात मोठं कोडं मला नंदगडचं वाटतं. कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या बाजूनं इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी १८३१ मध्ये नंदगडला फाशी दिलं. भुताच्या हिशोबानं बघितलं तर सगळी लक्षणं जुळतात, ऐन तारुण्यात गेलेला, फासावर गेलेला, इच्छा राहिलेला, गावाबाहेर पुरलेला, आणि वर वडाचं झाड. दुसरा कुणी असता तर त्या वडाखालनं संध्याकाळचं कुणी गेलं नसतं. तिथं उलटं झालंय. तो वड त्याच्या साथीदारानं लावला असं सांगतात, आणि मूल होत नाही म्हणून बायका तिथं येऊन पाळणे बांधतात. ज्याच्यासाठी लोक रडले तो देव होतो आणि ज्याच्याशी लोक वाईट वागलेले असतात तो भूत होतो, असं आपलं माझं मत. अळवंतीण बघा, हडळ बघा, विहिरीतली बाई बघा, सगळ्या सासरी मेलेल्या. विहिरीत कशी पडली हे कुणी विचारलेलं नसतं, आता ती दिसते म्हणून सगळे घाबरतात.

इथं मला जरा राग येतो म्हणून लिहितोच. आमच्या ओळखीत एक वहिनी, पहिलं बाळंतपण, नंतर झोप नाही, बाळाला जवळ घेईना, सारखी रडायची. लगेच निदान, अळवंतीण लागली. एका बुवाकडं नेलं, त्यानं धुरी दिली, केस धरून हलवलं, पैसे घेतले, परत पुढच्या अमावस्येला या म्हणाला. शेवटी तिचा भाऊ आला आणि सरळ डॉक्टरकडं घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्या, हळूहळू बरी झाली. आज त्याच घरात ही गोष्ट "बुवानं काढलं" अशीच सांगतात, भावाचं नाव कुणी काढत नाही. कर्नाटकात असल्या अघोरी प्रकारांविरुद्ध २०१७ चा कायदा आहे, २०२० पासून लागू आहे, महाराष्ट्रात २०१३ पासून आहे, म्हणजे आमच्याकडच्या बुवाला शीव ओलांडून पळून पण उपयोग नाही. तक्रार कोण करणार हा प्रश्न.

बाकी स्मशानात मुक्काम करायचं काम आमच्याकडं राजकारण्यांनी पण केलंय. २०१४ मध्ये ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनाला, तेव्हा मंत्री असलेले सतीश जारकीहोळी लोकांना घेऊन बेळगावच्या सदाशिवनगर स्मशानात गेले, तिथंच जेवले, तिथंच झोपले. पुढं हा कार्यक्रमच झाला. त्यांच्या राजकारणाबद्दल ज्याचं त्याचं मत असू दे, पण स्मशानात पंगत बसलीय आणि वाढपी भात भात करत फिरतोय ही कल्पना मला फार आवडते. आमची एक काकू मात्र म्हणाली, त्यात काय, एवढी माणसं असली तर मी पण झोपीन, एकट्याला झोपायला सांगा.

तिठ्ठ्यावरचे उतारे अजून चालू आहेत. अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बघायचं, पत्रावळीवर दहीभात, त्यावर कुंकू, अर्धं कापलेलं लिंबू, उकडलेलं अंडं, काळ्या बांगड्या, एक नाणं. शाळेत असताना आमच्यातला एक जण ती नाणी बिनधास्त उचलायचा आणि त्याच्या गोळ्या घेऊन आम्हाला वाटायचा. आम्ही खायचो. तो आता बँकेत आहे, ठणठणीत.

पण खानापूरकडचा हायवे मोठा केल्यापासनं उताऱ्याची पंचाईत झालीय. झाडं गेली, तिठ्ठ्याचं सर्कल झालं, मधे डिव्हायडर. मागं एकदा मामाच्या गावात यावर चक्क चर्चा चाललेली ऐकली, की आता उतारा नेमका कुठं ठेवायचा, सर्व्हिस रोडला ठेवला तर चालतो की मेन रोडलाच पाहिजे. एक म्हातारी ठाम होती, तीन वाटा मिळतात तिथंच पाहिजे, नाहीतर ते परत घरला येतंय. शेवटी ठरलं डिव्हायडरच्या कोपऱ्यात ठेवायचा. आता रात्री जाऊन ठेवणाऱ्याला भुतापेक्षा खडीच्या टिपरचीच जास्त भीती.