निफाडचा पारा आणि सोलापूरची द्राक्षं

नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली, की आपल्या सोलापूरकडच्या नान्नज-कासेगावच्या द्राक्षपट्ट्यात लगेच शेकोट्यांची जुळवाजुळव सुरू होते. बहुतेक वेळा ती घाई ठरते. पश्चिमी झंझावात, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून उत्तर भारतावर येणारी पावसाळी हवा, पुढे सरकला, की त्याच्या मागून उत्तरेची कोरडी हवा खाली उतरते. आधी धुळे-जळगाव-निफाड, मग मराठवाडा, आणि आपल्याकडे यायला आणखी एखाद-दोन दिवस. तोवर तिची धारही बोथट झालेली असते. बंगालच्या उपसागरावरचे ढग मात्र नाशिकच्या आधी सोलापूर गाठतात. तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ कमी दाब तयार झाला, की इथे वारा आग्नेयेचा होतो, ढग रात्रीची उष्णता अडवतात आणि गोधडी नकोशी होते. त्याच आठवड्यात पूर्वेचा वारा सह्याद्री उतरताना तापतो आणि रत्नागिरीत भर हिवाळ्यात घाम फुटतो.

द्राक्षाला खरा धोका ढगाळ दिवसाचा नाही, नुसत्या थंडीचाही नाही. ढग सरून आभाळ मोकळं होतं, वारा पडतो, पण हवेत ओल अजून असते, ती पहाट वाईट. भीमाकाठी, उजनीच्या आसपास धुकं, इतरत्र दव. पानं नऊ-दहा वाजेपर्यंत ओली राहिली, की केवडा हा बुरशीचा रोग शिरतो. फवारणी दव सुकल्यावरच करावी; ओल्या पानावर द्रावण पातळ होऊन ओघळतं. भुरी या दुसऱ्या बुरशीरोगाला पाण्याचा थेंब लागत नाही, दमट हवा आणि दाट कॅनॉपी (वेलीवरचा पानांचा पसारा) पुरते. तिच्यासाठी ८० टक्के विद्राव्य गंधक, लिटरला २ ग्रॅम. पण गंधक वाफेनं काम करतं, गार हवेत सुस्त पडतं. म्हणून दिवस थोडा तापल्यावर मारावं. घडांवर डाग राहतात, तेव्हा मणी मोठे झाले असतील तर जपून.

दुसरं दुखणं गुलाबी मण्यांचं. थंडीची लाट जाहीर व्हायला मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा खाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश कमी असावं लागतं. मणी त्या व्याख्येची वाट पाहत नाहीत. दुपारी ३० आणि पहाटे ११ अशी तफावत चार-सहा दिवस राहिली आणि मण्यात पाणी उतरत असलं, म्हणजे मणी पिकायला लागून मऊ पडत असले, तर थॉम्पसन, सोनाका या हिरव्या जातींचे मणी गुलाबी पडू शकतात. घडांना पेपर गुंडाळायचा तो पाणी उतरण्याआधीच. रंग दिसल्यावर लावून उपयोग नाही.

आकडा मोबाईलवरचा धरू नका. कमाल-किमान तापमापक बागेच्या सगळ्यात खोलगट कोपऱ्यात, घडांच्या उंचीला, सावलीत टांगा. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जड झालेली गार हवा तिथेच साचते आणि दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. अशा रात्री पहाटे ठिबक सुरू करावं. विहिरीचं पाणी जमिनीपेक्षा ऊबदार असतं, शिवाय ओली जमीन ऊब धरते. रोजच्याच पाण्याचे दोन हप्ते करा. जास्तीचं पाणी एकदम सोडलं तर पक्व मणी तडकतात. शेकोटी एकच मोठी नको, तिची गरम हवा सरळ वर निघून जाते. बांधाबांधानं लहान लहान पेटवा, आणि वारा असेल तर पेटवूच नका.

मालदांडीचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, गणित वेगळं. फुलोऱ्यात पहाट १० अंशांच्या खाली गेली तर पराग निकामी होतात आणि कणसात दाणे विरळ भरतात. त्यावर औषध नाही, वेळेवरची पेरणी एवढाच उपाय. ढगाळ हवेत मावा वाढतो, पानं चिकट्यानं चमकू लागतात. आधी पानाच्या खालच्या बाजूला मावा खाणारे ढालकिडे आहेत का ते बघा. भरपूर असतील तर पंप खांद्यावर घेऊ नका. हुरड्यासाठी राखलेल्या पट्ट्यात तर फवारा मारूच नये.