पेशीची जखम आणि बाईंचं 'कशावरून?'

आमच्या विज्ञानाच्या बाई वह्या तपासताना समासात लाल शाईने एकच प्रश्न लिहायच्या, 'कशावरून?' उत्तर चुकलं असेल तर लिहायच्याच, पण बरोबर असलं तरीही लिहायच्या. 'पुस्तकात दिलंय' हे कारण त्यांना चालत नसे. कुणी पाहिलं, कशातून पाहिलं, नेमकं काय दिसलं, ते सांग म्हणायच्या. पुढे मी जीवरसायनशास्त्र शिकले, पीएच.डी. केली, संशोधनात आणि अध्यापनात रमले. आज माझे विद्यार्थी आपले निष्कर्ष घेऊन समोर बसतात, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न तोच निघतो.

माझं सगळं काम एकाच विषयाभोवती झालं. पेशीचं पटल फाटलं, तर पेशी ते कसं सांधते? या विषयाचं बी शाळेच्या प्रयोगशाळेत पडलं. गालाच्या आतल्या पेशी हलकेच खरवडून काचपट्टीवर घ्यायच्या, मिथिलिन ब्लूचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या, हा प्रयोग आपण सगळ्यांनीच केलाय. मी बाईंना विचारलं, "खरवडलेल्या पेशी तर इथे आल्या. पण त्यांना चिकटून असलेल्या, गालातच राहिलेल्या पेशींचं काय होत असेल? त्या फाटल्या असतील ना?" बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही. पुढे शिकशील तेव्हा शोध आणि मलाही सांग." शिक्षकाने भर वर्गात असं म्हणणं केवढी मोठी गोष्ट आहे, हे मी स्वतः फळ्यापुढे उभी राहू लागले तेव्हा कळलं.

पेशीपटलाची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर. वहीचा कागद ०.१ मिलिमीटर जाड धरला, तर तेवढी जाडी भरायला अशी २०,००० पटलं एकावर एक ठेवावी लागतील. मेदाच्या रेणूंचे दोन थर आणि त्यांत रुतलेली प्रथिनं, एवढाच हा पडदा. नुसत्या मेदाच्या पडद्याला छोटं भोक पडलं तर ते आपोआप मिटतं. जिवंत पेशीत तसं सहजी होत नाही, कारण पटलाला आतून प्रथिनांच्या सांगाड्याने ताणून धरलेलं असतं. म्हणजे पेशीला काहीतरी करावं लागतं, आणि तेही झटपट.

अशा जखमा अपघातानेच होतात, असं मलाही बराच काळ वाटे. पेशीशास्त्रज्ञ पॉल मॅकनील यांचं काम वाचलं आणि ते चित्रच पालटलं. उतरत्या ट्रेडमिलवर धावलेल्या उंदरांच्या स्नायुतंतूंत त्यांना अल्ब्युमिन सापडलं. हे रक्तातलं प्रथिन शाबूत पटलातून आत शिरूच शकत नाही. १९९२ साली हे प्रसिद्ध झालं. धावणं, उडी मारणं, आतड्याचं आकुंचन पावणं, या रोजच्या हालचालींत आपल्या पेशी फाटत असतात आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. हे मी बाईंना सविस्तर पत्राने कळवलं.

पटल फाटल्याची पहिली वर्दी पेशीला देतं ते कॅल्शियम. पेशीबाहेर त्याचं प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट जास्त असतं. भोक पडताच ते आत घुसतं. लुईस हाइलब्रुन यांनी १९३०च्या सुमारास समुद्री अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याची अंडी फाडून पाहिली होती. कॅल्शियम असेल तर फाटलेल्या जागी नवा पडदा धरे, नसेल तर आतला ऐवज पाण्यात विरून जाई. पण हा पडदा येतो कुठून, याचं उत्तर मिळायला कित्येक दशकं गेली. १९९४ साली रिचर्ड स्टाइनहार्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की पेशीच्या आतल्या सूक्ष्म पिशव्या पटलाशी एकजीव होतात तेव्हाच जखम मिटते. चेतापेशी आपला संदेश सोडतात, जवळपास त्याच रीतीने.

या पिशव्या कोणत्या, हा माझ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग. लयकारिका, म्हणजे लायसोसोम, आपण शाळेत शिकलो. टाकाऊ पदार्थ पचवणाऱ्या पिशव्या, ज्या फुटल्या तर पेशीलाच पचवून टाकतात. ख्रिस्तियान द ड्यूव यांनी १९५५ साली त्यांचं वर्णन केलं आणि १९७४ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. नॉर्मा अँड्र्यूज या शास्त्रज्ञ शागास रोगाच्या परजीवीचा अभ्यास करत होत्या. हा परजीवी पेशीत शिरतो तेव्हा लयकारिका त्याच्याकडे धावत जातात, हे त्यांच्या गटाने १९९२ साली दाखवलं. त्याचा माग काढता काढता २००१ साली त्या या निष्कर्षाला आल्या, की जखमेच्या वेळीही लयकारिकाच कडेला धाव घेतात आणि पटलाशी जुळतात.

कशावरून? लयकारिकेच्या आतल्या बाजूला तोंड करून असणारं एक प्रथिन असतं, लॅम्प-१. शाबूत पेशीवर बाहेरून प्रतिपिंड, म्हणजे नेमकं त्याच प्रथिनाला चिकटणारं दुसरं प्रथिन, सोडलं तर त्याला ते भेटत नाही. जखम झालेल्या पेशीच्या मात्र थेट पृष्ठभागावर ते सापडतं. पिशवी उलगडून पटलाचा भाग झाल्याशिवाय हे शक्य नाही. पेशीला मारणारी म्हणून आपण जी पिशवी शिकलो, तीच पेशीला वाचवते. हा शोधनिबंध मी अजूनही दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी वाचायला देते.

प्रयोगशाळेत हे दिसतं कसं, ते सांगते. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली एकच स्नायुतंतू ठेवलेला असतो. भोवतालच्या द्रावात एक रंग मिसळतो, जो पाण्यात जवळजवळ चमकत नाही आणि मेदाला चिकटला की चमकतो. लेसरचा बारीक झोत पटलाच्या एका बिंदूवर सोडायचा. त्या जागी लगेच प्रकाशाचा ठिपका उमटतो, कारण रंग आत शिरून तिथल्या पडद्यांना चिकटत असतो. ठिपका थोडा पसरतो आणि थांबतो. थांबला, म्हणजे भोक मिटलं. हाच प्रयोग कॅल्शियम काढून घेतलेल्या द्रावात केला, तर ठिपका पसरतच जातो. एका तंतूवर जीवरसायनाचं काम मात्र भागत नाही. त्यासाठी लाखो पेशींना एकदम जखम करावी लागते. तिथे आम्ही एका जीवाणूचं, पटलात छिद्रं पाडणारं विष वापरतो.

२००३ साली केविन कॅम्पबेल यांच्या गटाने स्नायुतंतूवरचा हा लेसरचा प्रयोग डिसफर्लिन हे प्रथिन नसलेल्या उंदरांवर केला. कॅल्शियम असूनही ठिपका थांबेना. माणसांत या प्रथिनाचं जनुक बिघडलं की स्नायू क्षीण होत जातात. बहुधा विशीच्या आसपास, तोवर धडधाकट असलेल्या, कित्येकदा उत्तम खेळणाऱ्या मुलामुलींना चवड्यांवर उभं राहणं जमेनासं होतं. फाटलेल्या स्नायूंतून रक्तात उतरणारं क्रिएटिन कायनेज हे प्रथिन प्रचंड वाढलेलं असतं. स्नायूंचा दाह समजून पुष्कळांना स्टेरॉइड दिली जातात, त्यांचा उपयोग होत नाही. अशा रुग्णांच्या एका मेळाव्यात एका तरुणाने मला विचारलं, "मी खेळलो म्हणून झालं का हे?" मी त्याला ठामपणे नाही म्हणाले. दोष जनुकात जन्मापासून होता, त्याच्या वागण्यात नव्हता. त्या दिवसापासून मी शोधनिबंधाबरोबर रुग्णांसाठीही सोप्या भाषेत चार पानं लिहिते.

उपचार अजून हाती नाही. चांगलं जनुक विषाणूतून पोचवायचं म्हटलं, तर डिसफर्लिनचं जनुक नेहमीच्या वाहक विषाणूत मावत नाही, इतकं लांब आहे. ते दोन तुकड्यांत पोचवण्याचे प्रयत्न चालू आहेत आणि मला त्यांच्याकडून आशा आहे.

आमच्या क्षेत्रात मतभेदही बरेच आहेत. कुणी म्हणतं आतून ठिगळ बसतं, कुणी म्हणतं जखमेचा भाग आत ओढून घेतला जातो. २०१४ साली फ्रांक पेरेझ यांच्या गटाने दाखवलं, की लहान जखमा पेशी बाहेरच्या बाजूला चिमटून टाकून देते. माझं मत असं, की हे सगळेच आपापल्या जागी खरे आहेत. जखम केवढी आहे हे पेशीला कसं उमगतं आणि ती त्यातला एक मार्ग कसा निवडते, हा खरा प्रश्न आहे. माझी सध्याची विद्यार्थिनी त्याच्याच मागे लागली आहे.

माझ्या शाळेकडे एक विनंती आहे. गालाच्या पेशींचा प्रयोग फळ्यावर आकृती काढून उरकू नये, प्रत्येक मुलाच्या हातून होऊ द्यावा. त्यानंतरच्या तासाला मी आनंदाने येईन आणि आमच्या स्नायुतंतूंच्या चित्रफिती घेऊन येईन. आधी निरोगी तंतूची दाखवेन, मग डिसफर्लिन नसलेल्या तंतूची, आणि मध्ये काहीच बोलणार नाही. त्या क्रमाने पाहिलं, की फरक मुलं आपणहून सांगतात.